सुट्टी आधी सांगणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातातच देता आलं असतं. पण आमच्या बीड जिल्ह्यात माझ्यासारखी माणसं गावोगाव आहेत. नोकरी बरी, कर्ज फिटत आलेलं, कुणाशी वाकडं नाही आणि घरात बायकोची एकच तक्रार, ‘तुम्ही बोलतच नाहीत.’ त्यातल्या एखाद्याच्या वाचनात यावं म्हणून चारचौघांत लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही. लातुरात क्लासेसच्या भल्यामोठ्या फलकांमध्ये तुमची समुपदेशनाची छोटी पाटी ज्याला शोधायची आहे तो शोधेल.

मी आलो तेव्हा वाटलं होतं, तुम्ही संवादाची दोन-चार सूत्रं द्याल. मास्तर माणूस, वहीपेन घेऊनच आलो होतो. तुम्ही विचारलं, ‘सर, लहानपणी लागलं, भीती वाटली, तर कुणाकडे जायचात?’ मी म्हणालो, ‘कुणाकडंच नाही. मी शहाणा होतो.’ तुम्ही लगेच काही बोलला नाहीत. त्या ‘शहाणा’वर आपण पुढं किती मंगळवार घालवले!

दसरा सरला की ऊसतोडीसाठी आमची वस्ती रिकामी व्हायची. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणजे जावंच लागणार. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, मिळून एक कोयता, जोडप्याला कारखान्याच्या हिशेबात तेच नाव. ट्रक पहाटेच्या आत निघायचा आणि मला झोपेतच आजीच्या कुशीत सरकवलेलं असायचं. सकाळी उठून बघावं तर चूल थंड. मग उन्हाळ्याच्या तोंडाला पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा, आणि माणसं परतायची. मायच्या हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा असायच्या. मी तिच्याकडं जायचो नाही, आजीच्या मागं उभा राहायचो. आजी कौतुकानं सांगायची, ‘लेकरू लई शानं हाय, रडंना बी.’

आई आणि लेकराच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थबाईंचं काम तुम्ही मला सांगितलंत ते इथं. १९५०च्या दशकात त्या युगांडातल्या खेड्यांत आया आणि तान्ही लेकरं बघत बसल्या. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी वीसेक मिनिटांचा एक प्रयोग बसवला. वर्षाच्या आसपासचं लेकरू, अनोळखी खोली. आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. त्यांना लेकराच्या रडण्यापेक्षा आई परतल्यावर ते काय करतं यात जास्त रस होता. काही लेकरं रडून आईला बिलगतात आणि पुन्हा खेळायला लागतात. काही बिलगतात पण शांतच होत नाहीत. आणि काही रडतही नाहीत, आई आल्यावर तिच्याकडं बघतही नाहीत, खेळण्यांत मान घालून बसतात. ही तिसरी लेकरं वरून अगदी निवांत दिसायची. पुढं १९७०च्या दशकात संशोधकांनी ठोके मोजले, तर या ‘शहाण्या’ लेकरांची छातीही धडधडतच होती.

हे ऐकून मी घड्याळाकडं बघून ‘बस सुटेल’ म्हणालो होतो. बसला अजून तास होता.

मला धास्ती होती ती वेगळीच. ही विद्या शेवटी आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करणार, असं वाटायचं. ज्या बाईनं पोटासाठी ऊस तोडला, तिच्यावर लातुरात पंख्याखाली बसून बोट ठेवायचं? मी ते रागानंच बोललो होतो. तुम्ही मला या विद्येचा पाया घालणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबद्दल सांगितलंत. लंडनच्या नामांकित शल्यचिकित्सकाचा मुलगा, दाईच्या हाती वाढलेला. जीव लावणारी ती दाई हा चार वर्षांचा असताना नोकरी सोडून गेली, पुढं बोर्डिंग शाळा. म्हणजे हे गरिबाघरचंच दुखणं नाही. आणि याच माणसानं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात म्हटलं होतं की, ज्या समाजाला लेकरं मोलाची वाटतात त्यानं त्यांच्या आईबापांना जपलं पाहिजे. हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक मुकादमाच्या दारावर लावावं असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

तुम्ही आईपेक्षा आजीबद्दलच जास्त विचारलंत, हेही मला आवडलं. लेकरू एकाच माणसाला धरून राहत नाही, त्याचे आधार अनेक असू शकतात, असं तुमचं म्हणणं. आज मला जे काही जमतं, वर्गातल्या पोरांना जीव लावता येतो, ते आजीच्या पदरातून आलेलं आहे हे मला चाळिशीच्या उंबरठ्यावर कळलं.

प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारायची एक ठरलेली मुलाखत असते, तिच्यातला एक प्रश्न तुम्ही वापरलात: आईसोबतच्या नात्याला पाच शब्द सांगा आणि प्रत्येक शब्दाला एक आठवण. मी ‘प्रेमळ’ हा शब्द पहिला सांगितला आणि आठवण काही सापडेना. तुम्ही शब्द खोडला नाहीत. ‘राहू द्या, येईल ती’ म्हणालात. बऱ्याच दिवसांनी आली. फडावरून आलेली माय रात्री मी झोपलोय असं समजून माझ्या तळपायांना तेल लावत बसली होती. मी जागा होतो आणि डोळे मिटून पडलो होतो.

पण मॅडम, खरे आभार मानायचे आहेत ते एका साध्या सवयीचे. तुम्ही सुट्टीवर जाणार असलात की तीन-चार आठवडे आधी सांगायचात, कधी जाणार, कधी परत येणार. आणि विचारायचात, ‘हे ऐकून काय वाटलं?’ सुरुवातीला मला ते नाटकी वाटलं. मोठ्या माणसाला काय वाटायचं त्यात! मग एकदा ऐनवेळी तुमची वेळ रद्द झाली. निरोप आला तेव्हा मी रेणापूर ओलांडून गेलो होतो. पुढच्या मंगळवारी मी ‘काही हरकत नाही’ म्हणून तासभर बारावीच्या परीक्षेवर बोललो. तुम्ही मध्येच थांबवून म्हणालात, ‘राग आला असेल तर तो इथं चालतो.’ मग मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही सबबी सांगितल्या नाहीत, ‘चुकलंच’ म्हणालात. मला वाटलं, आता मॅडमच्या मनातून उतरलो. पुढच्या मंगळवारी तुम्ही होतात तशाच होतात. अंबाजोगाईला परतताना बसमध्ये मला कधी नव्हे ती झोप लागली.

मायचं जाणं तर टळणारं नव्हतंच. पण ती मला झोपेत सोडून जायची, त्यानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं होतं. उन्हाळ्यात तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘तू रडला असतास तर मपला पाय निघाला नसता, बापू.’ दोघंही एकमेकांचं रडणं चुकवत होतो इतकी वर्षं.

बायकोला सोबत बोलावलंत तेव्हा हेच जोड्यानं उलगडलं. ती आवाज चढवते तो मी दूर जातोय या भीतीनं. मी गप्प होतो तो तिचा चढलेला आवाज ऐकून. जितका मी गप्प, तितकी ती चढते. आता मी एवढंच म्हणतो, ‘थोडा वेळ दे, जेवण झाल्यावर बोलू,’ आणि जेवण झाल्यावर खरंच बोलतो. कधीकधी टीव्हीही लावतो. बायको हे पत्र वाचणार आहे, म्हणून प्रामाणिकपणे लिहिलेलं बरं.

मोबाईलवर हल्ली ‘नात्यात तुमचा प्रकार कोणता’ अशा चाचण्या फिरतात, राशीभविष्यासारख्या. माझ्या स्टाफरूममध्येही फिरल्या. मीही तुम्हाला विचारलं होतं, माझा प्रकार कोणता. तुम्ही सांगितलंत, १९८७ साली दोन अमेरिकन संशोधकांनी वर्तमानपत्रात प्रश्नावली छापून मोठ्यांच्या प्रेमातही हे तीन ढंग दिसतात का ते पाहिलं होतं. पण माणूस एका खान्यात कायम बसत नाही, आजीजवळचा मी आणि बायकोजवळचा मी वेगळा असू शकतो. आणि सुरुवातीलाच मला डॉक्टरांकडे पाठवून नैराश्य तर नाही ना हे तपासून घेतलंत, तेही बरं केलंत. सगळं काही बालपणावर ढकलायची घाई तुम्हाला नव्हती.

ज्यांना लातूर-संभाजीनगर गाठणं जमत नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवतो: सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं. असं लांबलचक काम फोनवर होणार नाही, पण कुठं जायचं हे तरी कळेल.

आमच्याकडच्या हंगामी वसतिगृहाच्या गुरुजींना मी यंदा एक विनंती केली आहे. आईबाप निघायच्या आदल्या दिवशी लेकरांना सांगूनच निघोत, रडारड झाली तर होऊ द्या. गुरुजी म्हणाले, ‘सर, मग पोरं आवरायची कुणी?’ प्रश्न बरोबर आहे. दिवाळीनंतर तुम्ही एक दुपार काढून त्यांच्याशी बोलाल का? येण्याजाण्याची सोय मी करतो. आणि माझ्या धाकट्या बहिणीला तुमचा नंबर दिलाय. ती फोन करील तेव्हा पहिली दहा मिनिटं हवापाण्यावर बोलेल, तेवढं सांभाळून घ्या.

आपला,
मंगळवार, साडेपाच