नव्या कार-स्टिरिओचा आवाज बारीक येत असेल, तर आधी जोडणी तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगलीत विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत जुन्या गाडीत नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून घेणाऱ्यांची गर्दी असते. सण सरला की यातील काही मंडळी एकच गाऱ्हाणे घेऊन त्याच दुकानात परत येतात. कंपनीचा जुना टेप निम्म्यावर ठेवला तरी गाडी भरून आवाज येत असे, नवा स्टिरिओ मात्र जवळपास शेवटपर्यंत वाढवला तरी बारीकच वाजतो. त्यावर ‘वेगळा अ‍ॅम्प्लिफायर टाकावा लागेल’ हे उत्तर बहुधा तयार असते. काही हजारांचा हा वाढीव खर्च पुष्कळदा अनावश्यक असतो आणि तो सुचवण्याआधी दुकानदाराने आपली जोडणी ग्राहकासमोर तपासून दाखवली पाहिजे, एवढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गैरसमजाचे मूळ खोक्यावरील आकड्यात आहे. ‘५० वॉट × ४’ असे ठळक छापलेले असते. गाडीचे इंजिन चालू असताना स्टिरिओला सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात आणि सर्वसाधारण स्टिरिओत हा दाब वाढवणारी वेगळी सोय नसल्यामुळे स्पीकरला त्याहून अधिक दाब तो देऊ शकत नाही. १४.४ चा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ४ ओहम रोधाने भागले की जवळपास ५२ येतात. हे वॉट मिळतात खरे, पण आवाजाच्या लाटेचे माथे पूर्ण छाटले जाऊन गाणे फाटलेले असते तेव्हा. स्वच्छ लाटेसाठी हाच हिशेब निम्म्यावर येतो आणि आतील घट वजा जाता साधारण २० वॉटच हाती लागतात. गाडीतील स्टिरिओची ताकद मोजण्याच्या सीईए-२००६ या मानकाप्रमाणे १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि आवाजात जास्तीत जास्त १ टक्का विकृती या अटींवर मोजलेला आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असेल, तर तोच खरा मानावा. कंपनीचा साधा टेपही याच बॅटरीवर चालत असल्याने त्याची ताकदही फार वेगळी नसते. म्हणजे नवा स्टिरिओ जुन्याच्या दुप्पट वाजेल ही अपेक्षा चुकीची आहे, पण तेच स्पीकर असताना तो जुन्यापेक्षा बारीक वाजण्याचेही कारण नाही. तसे होत असेल तर दोष जोडणीत किंवा सेटिंगमध्ये शोधावा.

पहिली तपासणी अगदी सोपी आहे. एकच गाणे ब्लूटूथवरून आणि पेनड्राइव्हवरून ऐकावे. पेनड्राइव्हवर आवाज चांगला आणि ब्लूटूथवर कमी असेल, तर स्टिरिओ निर्दोष आहे. पुष्कळ जोड्यांमध्ये फोनचा आवाज आणि स्टिरिओचा आवाज स्वतंत्र राहतात, त्यामुळे फोन निम्म्यावर असेल तर स्टिरिओ कितीही वाढवून उपयोग होत नाही. सेटिंगमध्ये प्रत्येक स्रोताची पातळी वेगळी ठरवण्याची सोय असते, तीही पाहावी. ‘हाय पास फिल्टर’ चुकून १०० किंवा १२० हर्ट्झवर लावलेला असेल, तर खालचा खर्ज कापला जाऊन तबला पोकळ ऐकू येतो आणि माणसाला वाटते की आवाजच कमी आहे.

वारंवार आढळणारा आणि फारसा न तपासला जाणारा दोष मात्र स्पीकरच्या उलट्या तारांचा आहे. गाडीला जुळणारा तयार कपलर, म्हणजे तारा न कापता जोडणी करणारा प्लग, असेल तर सहसा गोंधळ होत नाही. कपलर न मिळाल्यामुळे किंवा घाईमुळे मूळ तारा कापून, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळली की चुका सुरू होतात. बाजारातील बहुतेक स्टिरिओंमध्ये पुढच्या डाव्या स्पीकरला पांढरी, पुढच्या उजव्याला राखाडी, मागच्या डाव्याला हिरवी आणि मागच्या उजव्याला जांभळी तार असते, आणि ज्या तारेवर काळी रेघ ती उणे. गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, त्यामुळे अंदाजाने जोडताना एखाद्या बाजूची धन-ऋण अदलाबदल होते. मग एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचा खर्ज हवेतच एकमेकांना खोडून काढतो. दोन्ही स्पीकर वाजत असल्यामुळे फिटर म्हणतो सगळे ठीक आहे, आणि ग्राहकाला नेमके काय हरवले ते सांगता येत नाही.

हे ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. फेडर (आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरांत वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे न्यावा, बॅलन्स (डावी-उजवी वाटणी) आधी पूर्ण डावीकडे, नंतर पूर्ण उजवीकडे नेऊन ऐकावे आणि मग मध्यावर आणावा. दोन्ही मिळून वाजताना खर्ज भरून यायला हवा. तो उलट कमी झाला आणि गायकाचा आवाज समोरून न येता सगळीकडे विखुरल्यासारखा वाटला, तर एका बाजूच्या तारा उलट आहेत. आमच्या परिचयातील एका शिक्षकांना एका दुकानात अ‍ॅम्प्लिफायरचा भाव सांगण्यात आला होता. त्यांच्या गाडीत पुढच्या उजव्या दाराच्या दोन तारा अदलाबदल करताच तक्रार संपली. ज्या मिरजेत तंबोऱ्याच्या तारांना झंकार देणारी जवारी आजही कानाने लावली जाते आणि जिथल्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्या शेजारच्या दुकानांत एवढे ऐकून पाहण्याची सवय नसावी, याचे आश्चर्य वाटते.

काही गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीचाच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली किंवा डिकीत असतो. तिथे गोष्ट जरा वेगळी आहे. त्याला चालू होण्याचा इशारा स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या तारेतून मिळावा लागतो आणि त्याला अपेक्षित असलेल्या पातळीचा सिग्नलही द्यावा लागतो. कमी पातळीचा सिग्नल दिला की आवाज दबतो. मध्ये सिग्नलची पातळी बदलणारा कन्व्हर्टर बसवला असेल, तर त्याचा गेनचा (पातळी वाढवण्याचा) स्क्रू कधीकधी तळाशीच राहिलेला असतो. अशा गाडीत आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर विकणे म्हणजे असलेला निकामी करून नवा लादणे होय.

वेगळा अ‍ॅम्प्लिफायर कधीच लागत नाही असे माझे म्हणणे नाही. खिडक्या बंद करून पुणे-बंगळूर महामार्गावर जाताना टायरच्या घरघरीवर मात करणारा स्वच्छ आवाज हवा असेल, तर तो उपयोगी पडतो. यात डॉल्बीचा हव्यास नाही. मात्र हिशेब माहीत असावा. ताकद दुप्पट केली तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट ताकद लागते. उलट, ८९ ऐवजी ९२ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, तर तीच ३ डेसिबलची वाढ अ‍ॅम्प्लिफायरशिवाय मिळते. हा आकडा स्पीकरच्या खोक्यावर छापलेला असतो, पण तो वाचून दाखवणारा विक्रेता विरळा.

फिटरांची बाजूही समजून घ्यायला हवी. ‘फिटिंग फ्री’ ही अट आपणच घालतो; मग सणाच्या गर्दीत ज्याच्या कामाला दामच नाही, त्याने प्रत्येक स्पीकर स्वतंत्र वाजवून पाहावा ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? म्हणून दुकानांनी जोडणीचे शुल्क बिलावर वेगळे दाखवावे, ग्राहकांनी ते विनातक्रार द्यावे आणि त्या बदल्यात कोणती तार कुठे जोडली, मूळ तारा कापल्या की कपलर वापरला आणि चारही स्पीकर वेगवेगळे वाजवून पाहिले का, एवढे लिहिलेली चिठ्ठी मिळावी. तारा कापल्यास वाहन कंपनी विजेच्या भागांची वॉरंटी नाकारू शकते, त्यामुळेही ही चिठ्ठी महत्त्वाची आहे. पक्के बिल हाती असेल तर सदोष कामाबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रारही नोंदवता येते.

आणखी एक गोष्ट ग्राहकांनी आवर्जून करावी. काढलेला जुना टेप त्याच्या कपलरसह घरी आणावा, दुकानात सोडून देऊ नये. मूळ तारा कापल्या नसतील तर तो पुन्हा जोडून पाच मिनिटांत ठरवता येते की दोष नव्या स्टिरिओत व त्याच्या जोडणीत आहे की गाडीतल्या स्पीकरांत.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली