खांबाआडची सीट

पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय पैलवान,

आधी शिव्या देऊन घे, मग वाच. गणपती गेले, दसरा गेला, तुझे तीन फोन आले आणि मी एकही उचलला नाही. मेसेजला अंगठा दाखवून गप्प बसलो. फोनवर सांगायला लागलो असतो तर तू पहिल्या वाक्याला खिदळला असतास आणि पुढचं माझ्या तोंडातून निघालं नसतं. म्हणून कागद घेतला. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच आहे. डॉक्टर म्हणतात चाला, मी म्हणतो चालतो, आणि त्यावर आम्ही दोघं विषय संपवतो.

तर ऐक. मी खोटं बोललोय. साधंसुधं नाही, तुला मध्ये घालून.

२४ ऑगस्टची गोष्ट. आपल्या एव्हर्टनची नव्या स्टेडियमवरची इंग्लिश फुटबॉल लीगची पहिली मॅच, ब्रायटनशी. आपल्याकडं संध्याकाळी साडेसहा. गणपती तीन दिवसांवर, नदीपात्रात पथकांचा सराव असा चाललेला की बापूच्या मेसच्या वरच्या खोलीच्या काचा ताशाबरोबर थरथरत होत्या. ती खोली आठवते ना? आपण तिथं किती जण असायचो? सात. तू कोल्हापूरला गेल्यावर सहा. अण्णा दुसऱ्या हाफमध्ये झोपायचे, म्हणजे साडेपाच. त्या दिवशी मी जिना चढून वर गेलो तर दाराबाहेर चपलांचा ढीग. मला आधी वाटलं बापूकडं काही बरंवाईट झालं. आत सत्तावीस माणसं! मी मोजली. बापू जिन्यातून खाली ओरडत होता, पोहे वाढव म्हणून.

सगळी विशी-पंचविशीतली पोरं. वाकड, हिंजवडी, बाणेर. चौघांच्या पाठीवर ग्रीलिश. तो मँचेस्टर सिटीकडून उसना आलेला माणूस, त्याला येऊन महिना झाला नव्हता आणि यांचे शर्ट छापून तयार. एकजण तर उघड म्हणाला, काका, मी आधी दुसऱ्या टीमचा होतो. म्हणजे काय रे? तुमच्याकडं कोल्हापुरात मंगळवार पेठेत जन्मलं की पाटाकडील तालमीची टीम, विषय संपला. बारशाच्या आधी टीम ठरलेली. शाहू स्टेडियमवर कुणी म्हणून बघावं, मी आधी दुसऱ्या तालमीचा होतो म्हणून. मला काय वाटलं सांगू? पीएमटीत पहिल्या स्टॉपपासून खिडकी धरून बसलेल्या माणसाला डेक्कनला गर्दी चढताना जसं वाटतं ना, तसं. गाडी आपली नाही हे ठाऊक असतं, तरी.

अण्णा मात्र काय माणूस! उठले, पुढची खुर्ची एका पोरीला दिली आणि स्वतः मागं स्टुलावर जाऊन बसले. म्हणाले, 'या, या. १९९५ नंतर एक कप नाही जिंकलेला आपण. इथं दुःखाला भरपूर जागा आहे.' पोरं हसली. मी नाही हसलो. माझ्या डोक्यात २०२२ ची मे महिन्यातली ती रात्र. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध ०-२ वरून ३-२, रात्री दोन वाजता बापूनं तोंडावर उशी दाबून मारलेली बोंब, आणि तू तिकडून फोनवर नुसता श्वास घेत होतास. मग २०२३ मध्ये लीगनं आपले दहा पॉइंट कापले, त्याचे सहा झाले, परत दोन कापले. तेव्हा कुठं होते हे ग्रीलिशवाले? हे मी मनात म्हणत होतो असं मला वाटलं, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. बापूनं मला कोपर मारलं.

एन्डियायनं गोल केला. मे महिन्यात गुडिसनवरच्या, आपल्या जुन्या ग्राउंडवरच्या, शेवटच्या मॅचमधले दोन्ही त्याचेच आणि इथला पहिलाही त्याचाच. सगळी खोली उठली आणि माझ्या पायावर कुणाचा तरी पाय पडला. सत्तावीस माणसांत गोल होणं वेगळंच असतं रे, हे कबूल करतो, पण आत्ता करतो. तेव्हा मी पाय चोळत होतो.

मध्यंतरात मी मास्तर झालो. पुढच्या खुर्चीतल्या त्या पोरीला विचारलं, १९९५ च्या कप फायनलचा गोल कुणाचा? मान न वळवता म्हणाली, 'रायडआउट. हेडर. काका, मी तेव्हा जन्मले नव्हते.' पोरं पुन्हा हसली, यावेळी मला. मग विचारलं, तू कशी काय एव्हर्टनला? म्हणाली, 'बिल्डिंगमुळे.' मी आर्किटेक्ट आहे म्हणाली, आधी स्टेडियम आवडलं, मग टीम गळ्यात पडली.

पैलवान, तू तिथं हवा होतास. पोहे हातात धरून ती सांगायला लागली. स्टेडियम उभं आहे ती जागा म्हणजे ब्रॅम्ली-मूर, १८४८ ची गोदी. ती बुजवायला आयरिश समुद्रातून चार-पाच लाख घनमीटर वाळू उपसून आणली. गोदीच्या जुन्या दगडी भिंती तोडल्या नाहीत, वाळूखाली तशाच ठेवल्या. या अशा बांधकामांपायी लिव्हरपूलचं जागतिक वारसा यादीतलं नाव २०२१ मध्ये गेलं, ते तिला पटलेलं नाही, पण स्टेडियम आवडतं. दोन्ही एकदम. मला वाटलं हा तुझाच आवाज आहे. तू ड्रॉइंग बोर्डावर वाकून असंच बोलायचास आणि मी झोपायचो.

आणि मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, 'तुम्ही गुडिसनला गेलाय का कधी?'

मी म्हणालो, हो.

कसं निघालं देव जाणे. म्हणालो, हो, गेलोय, २० फेब्रुवारी २०१०, मँचेस्टर युनायटेड, ३-१. खोली गप्प झाली. ढोलसुद्धा नेमके तेव्हाच थांबले, शपथेवर सांगतो. आणि मी सुरू झालो. बुलेन्स रोडचा स्टँड. लाकडी खुर्च्या, गुडघे पुढच्याच्या पाठीला टेकतात. छत पेलणारे लोखंडी खांब, त्याआड बसलं तर अर्धा गोलपोस्ट गायब. कोपऱ्यात सेंट ल्यूकचं चर्च, ग्राउंडात जवळजवळ घुसलेलं. मॅचआधी टॉफी फेकत फिरणारी ती बाई. एव्हर्टनचा जुना गोलवीर डिक्सी डीन १९८० मध्ये तिथंच, लिव्हरपूलविरुद्धची मॅच बघताना गेला, ती जागाही मला लांबून दाखवली म्हणालो. कुणी दाखवली? मी म्हणालो, माझ्या मित्रानं. मित्र सोबत होता, कोल्हापूरचा, बिचाऱ्याला खांबाआडची सीट मिळाली, सगळी मॅच मान वाकडी करून पाहिली त्यानं.

बापू माझ्याकडं बघत होता. त्याला सगळं माहीत आहे. एक शब्द बोलला नाही, नुसता माझ्या बशीत पोहे वाढत राहिला.

ही मॅच आपण कुठं पाहिली तुला आठवतंय का? तू मंगळवार पेठेत, मी वारज्यात. दोन गावांत, एकेकट्यानं. बिल्यालेतदिनॉव्हचा गोल झाला तेव्हा मी फोन हातात घेतला होता. गॉसलिंगचा झाला, परत घेतला. रॉडवेलचा झाला तेव्हा ठेवून दिला. तेव्हा आपण बोलत नव्हतो. तू येझदी विकली होतीस तिकिटासाठी, आणि मी व्हिसाच्या फॉर्मवर सही करून, फोटो काढून, तुला न सांगता ते पैसे फ्लॅटच्या बुकिंगला भरले होते. तुला कळलं ते हिच्याकडून, वास्तुशांतीच्या आमंत्रणात. पुढं तू माझ्याशी बोललास, पण या विषयावर कधी बोलला नाहीस. 'पुढच्या सीझनला जाऊ' असं पंधरा वर्षं दोघंही म्हणत राहिलो, आणि १८ मेला साउदॅम्प्टनला हरवून त्यांनी कुलूपच लावलं. म्हणजे पुरुषांच्या टीमपुरतं, तिथं आता बायकांची टीम खेळते. त्या दिवशी तू फोन केला नाहीस, मीही नाही. त्या फ्लॅटच्या बाथरूमची गळती अजून चालू आहे, हे तुझ्या समाधानासाठी सांगतो.

आता खरी पंचाईत. त्या संध्याकाळनंतर मी मोठा माणूस झालोय. 'गुडिसनवाले काका.' पोरं लवकर येऊन माझ्या शेजारी बसतात. तो दुसऱ्या टीममधून आलेला पोरगा परवा म्हणाला, काका, खांबाचं परत सांगा ना. आणि मी सांगितलं! दर वेळी थोडं वाढतं. मागच्या खेपेला त्यात पाऊस आला. तू छत्री विसरला होतास म्हणे.

गंमत अशी की तेव्हापासून मला ही पोरं आवडायला लागली. आपण एफसी पुणे सिटीच्या मॅचला बालेवाडीला जायचो तेव्हा आजूबाजूला किती रिकाम्या खुर्च्या असायच्या, आठव. आणि २०१९ मध्ये टीमच उचलून हैदराबादला नेली. निदान एव्हर्टन तीन-एक किलोमीटरवर नदीकाठी गेलं, गाव तरी सोडलं नाही. माणसं आली की टीम राहते, असं अण्णा म्हणतात. ५ तारखेला पॅलेसविरुद्ध शेवटच्या मिनिटांत ग्रीलिशनं गोल मारला तेव्हा मी त्याच चौघा ग्रीलिशवाल्यांच्या गळ्यात पडलो होतो. म्हणजे मी आता त्यांना आत घेतोय, पण अशा जागेच्या गोष्टी सांगून, जिथं मी स्वतःच कधी आत गेलो नाही. रात्री हे आठवलं की झोप लागत नाही. हिला सांगितलं. ही म्हणाली, एवढंच ना? मला वाटलं काहीतरी पैशाचं आहे. पैशाचंच आहे, असं म्हणणार होतो, पण मग २००९ पासून सगळं निघालं असतं.

आणि आता तू धडधाकट आहेस ना ते बघून पुढचं वाच. ती आर्किटेक्ट पोरगी जानेवारीत लिव्हरपूलला शिकायला चाललीय. पॅलेसची मॅच संपल्यावर थांबली, वही काढली आणि म्हणाली, 'काका, तुमची सीट सांगा. बायकांच्या मॅचचं तिकीट काढून मी तिथं जाऊन बसते आणि तुम्हाला फोटो पाठवते. मित्राच्या सीटचाही. खांबासकट.' मी म्हणालो, शोधून सांगतो.

शोधलं. माळ्यावरच्या सुटकेसमध्ये तुझा तो ग्राफ पेपर निघाला, जो तू माझ्या अंगावर फेकला होतास. घडीवर फाटलाय, पण आहे. चारही स्टँड, चर्चचा कोपरा, प्रत्येक खांब पेन्सिलनं. तुझं ते छापल्यासारखं अक्षर. मी पोरांना जे जे सांगितलं ते सगळं यात आहे, शब्दशः. म्हणजे मी कल्पनेनंही खोटं बोललो नाही, तुझं पाठ करून बोललो. इतकी वर्षं मला वाटायचं की तुझी बडबड चालू असताना मी झोपलेलो असायचो.

तिला खरं सांगायचं, हे ठरलंय. पण जायच्या आधी सांगू की तिथं पोचल्यावर? आधी सांगितलं तर ती जाणार नाही त्या सीटवर, आणि ती जावी असं मला फार वाटतं. पोचल्यावर सांगितलं तर ती जानेवारीपर्यंत त्या वहीतला नंबर खरा मानून फिरणार. एकटीला सांगू की सगळ्यांसमोर? अण्णा काय म्हणतील? बापू म्हणतो, पैलवानाला विचार, सीट त्याची आहे. तर विचारतोय.

बाकी तुझं काय? आईंचा गुडघा कसा आहे, ऑपरेशनची तारीख मिळाली का? पिंकीनं शेवटी कुठं ॲडमिशन घेतली ते तू सांगितलं होतंस, मी विसरलो, परत सांग आणि तिला सांगू नकोस की मी विसरलो. दुकानाचं शेजाऱ्याशी मिटलं का? वहिनींना नमस्कार. दिवाळीत येणार असशील तर रविवार धरून ये, बापू तुझ्यासाठी तांबडा करतो म्हणाला, जमणार नाही त्याला, पण कर म्हणावं.

एक राहिलं. त्या ग्राफ पेपरवर बुलेन्स रोडमध्ये दोन फुल्या आहेत. एकीखाली तुझं नाव, मोकळी, समोर पूर्ण ग्राउंड. दुसरी बरोब्बर खांबामागं, आणि तिच्याखाली तू माझं नाव लिहून कंसात 'उंच आहे, चालेल' असं लिहिलंयस. पोरांना मी उलटं सांगून बसलोय. तिला कागदाचा फोटो पाठवायचाय. नावं आहेत तशी जाऊ देत ना?

तुझा,
पुणेकर