एमआरआय नॉर्मल, म्हणून मुलगा खोटा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायकोसिसमध्ये, म्हणजे भास आणि संशयाच्या मानसिक आजारात, मेंदूला सूज असते आणि मेंदूतले बदल दिसतात, असं सांगणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. सोबतचं चित्रही पाहिलं, अर्धा मेंदू लालभडक रंगवलेला. त्याच रात्री लिहायला बसलो होतो, पण हात थरथरत होता, म्हणून आज लिहितो.

सकाळपासून तीन फोन आले. तिघेही ओपीडीच्या रांगेत ओळख झालेले, आमच्यासारखेच आईबाप. एका ताईंनी विचारलं, "सर, चालू गोळ्या बंद करून सुजेची गोळी द्यावी का?" दुसरे विचारत होते, पुन्हा एमआरआय काढायचा का, कारण मेंदूतले बदल दिसतात असं पेपरात आलंय.

एमआरआयचं आमच्या घरात काय झालं ते सांगतो.

२०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने टँकरचं पाणी प्यायचं सोडलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला. पाण्यात काहीतरी कालवतात म्हणायचा. टँकरच्या पाण्याला त्या वर्षी सगळेच नावं ठेवत होते, आम्ही मनावर घेतलं नाही. मग तो तांब्या उशाशी घेऊन झोपायला लागला. तांब्यावर ताटली, ताटलीवर वीट. कानात कापसाचे बोळे. रात्री एक-दीडला अंगणात उभा राहून कुणाशी तरी भांडायचा. घरचे म्हणाले, बाहेरचं आहे. दोन ठिकाणी नेऊन आणलं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो, तरी नेलं.

शेवटी एका डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तुरीचे आलेले पैसे त्यात गेले. रिपोर्टच्या शेवटी एकच ओळ होती, दोष आढळला नाही. डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "सर, मेंदू एकदम नॉर्मल आहे. अभ्यास टाळायचं नाटक आहे, जरा दटावा." घरी आल्यावर मी त्याला मारलं. तो कपाटावर आदळला, भुवई फुटली. रक्त पुसत तो मला हळूच म्हणाला, "पप्पा, तुम्ही तरी ते पाणी पिऊ नका."

रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून पुढे आठ महिने आम्ही त्याला कुठेच नेलं नाही. नंतर सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या मॅडम भेटल्या. गाठ, रक्तस्राव, मेंदूज्वर असलं काही नाही ना, एवढं बघायला एमआरआय असतो, सायकोसिस त्यात वाचता येत नाही, हे त्यांनी दोन मिनिटांत समजावलं. उपचार जितके लांबतात तितकं माणसाला सावरणं अवघड जातं, हेही सांगितलं. आमचे आठ महिने गेले होते.

नेमकी हीच गोष्ट आपल्या लेखात नाही. सायकोसिसच्या सुरुवातीला मेंदूत बदल असतात, हे खरं आहे. पुष्कळ रुग्णांची सरासरी निरोगी माणसांच्या सरासरीशी ताडली की ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूतला करडा भाग, थोडं कमी आणि मेंदूतल्या पोकळ्या थोड्या मोठ्या दिसतात. पण हा फरक इतका बारीक, की एकट्या माणसाची फिल्म बघून निदान करता येत नाही. दाहाचंही, म्हणजे सुजेचंही, तसंच. रुग्णांच्या रक्तात आयएल-६, सीआरपी हे दाह दाखवणारे घटक सरासरीने जास्त सापडतात. २०१४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात, नवव्या वर्षी आयएल-६ जास्त असलेल्या मुलांमध्ये अठराव्या वर्षी भासासारखे अनुभव जास्त दिसले. पण त्याच मुलांमध्ये नैराश्यही जास्त होतं. लठ्ठपणातही हे घटक वाढतात, आणि सगळ्याच रुग्णांत ते वाढलेले नसतात. दाह कमी करील या आशेने मिनोसायक्लिन हे औषध ब्रिटनमध्ये नव्या रुग्णांना वर्षभर देऊन पाहिलं. २०१८ मध्ये निकाल आला, फायदा झाला नाही. हे छापलं असतं तर ताईंचा फोन आला नसता. त्यांना मी सांगितलं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

सुजेचंच लिहायचं होतं तर खऱ्या सुजेचं लिहायचं. २००७ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जोसेप डालमाऊ यांनी उजेडात आणलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच, म्हणजे पेशींमधले निरोप पकडणाऱ्या प्रथिनावरच, उलटते. सुरुवात संशयाने, भासांनी होते. मग काही दिवसांत, आठवड्यांत फिट येतात, अंग ताठरतं, वाचा जाते. तरुण मुलींत हे जास्त आढळतं, काहींच्या अंडाशयात गाठ निघते. यातही एमआरआय अनेकदा नॉर्मलच येतो. पाठीतल्या पाण्याची तपासणी करावी लागते. वेळेत कळलं तर स्टेरॉइड आणि इतर उपचारांनी बरेच जण बरे होतात. आमच्या भागात अशा मुलीला भानामती झाली म्हणतील आणि महिना तिथेच घालवतील. तिच्यासाठी चार ओळी हव्या होत्या.

आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर करणी उतरवून देणाऱ्या एका बाबाची जाहिरात आहे, मोबाइल नंबरासकट. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. संपादकसाहेब, त्या नंबराला जागा मिळते आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ ला मिळत नाही, याचा मला फार राग आला. तो नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. पुढच्या रविवारी तो ठळक छापा, आणि एमआरआयबद्दलचा खुलासाही त्याच पानावर द्या.

माझं नाव छापू नये ही विनंती. मुलगा आता रोज रात्री गोळी घेतो आणि चुलत्याच्या हार्डवेअरच्या दुकानावर बसतो. तिथे आपलाच पेपर येतो.

एक पालक,
अहमदपूर तालुका, जि. लातूर