आधी बादली आण

तळमजल्यावरच्या काकूंना सप्रेम नमस्कार.

चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. तरी हे पत्र उघड लिहिते आहे. भिंतीवर शॉवर असूनही मगाने अंघोळ करणारे आमच्यासारखे पुष्कळ असणार.

आठ महिने आमचा शॉवर नुसता पाझरत होता. केसांना लावलेला शाम्पू धुवायचा तर शेवटी बादलीच भरायची. एका जाणकाराने येऊन मान वर केली, पाच मिनिटांत निकाल दिला : पंप बसवा. मी बसवणारही होते. तेवढ्यात जिन्यात तुम्ही भेटलात आणि म्हणालात, "आधी बादली आण."

मग तुमची उलटतपासणी. बेसिनचा नळ कसा चालतो? गार पाणी कमी येतं की गरम? पहिल्यापासून असंच आहे की हळूहळू झालं? रोज त्याच मोरीत उभी राहणारी मी, आणि एकाचंही धड उत्तर देता येईना. (बेसिनचा नळ ठणठणीत होता. म्हणजे टाकीवर आणि मुख्य पाइपवर संशय घ्यायचं कारण नव्हतं, हे मला दोन दिवसांनी सुचलं!)

दहा लिटरची बादली शॉवरखाली भरायला 3 मिनिटं 20 सेकंद लागली. तुम्ही पान्याला फडकं गुंडाळून शॉवरचं तोंड काढलंत आणि तीच बादली नुसत्या पाइपखाली धरलीत. 70 सेकंद! पाणी भिंतीपर्यंत नीट येत होतं, अडत होतं ते शेवटच्या चार बोटांत.

आणि त्या चार बोटांत काय काय निघालं! वॉशरच्या जाळीत वाळू, गंजाचे कण आणि टेफ्लॉन टेपची पांढरी गुंडाळी. शॉवर बसवणाऱ्याने टेप आट्यांच्या पुढे, पाइपच्या तोंडावरून गुंडाळली होती; तिचाच तुकडा तुटून जाळीत बसला होता. भोकांत क्षारांचे खडे होतेच. शॉवरचं तोंड व्हिनेगरमध्ये बुडवल्यावर बुडबुडे आले, तेव्हा मला शाळेतली प्रयोगशाळा आठवली. मी रात्रभर ठेवणार होते. "मुलामा जाईल," म्हणून तुम्ही अर्ध्या तासात बाहेर काढायला लावलंत. उरलेली भोकं अंगठ्याने चोळूनच मोकळी झाली. टेप नव्याने गुंडाळताना पहिली आटी कोरी सोडायची, हेही तेव्हाच कळलं.

माझा प्रश्न अगदी बाळबोध होता : जाळीने पाणी अडतं हे ठीक, पण दाब कुठे जातो? तुम्ही नळ बंद केलात. म्हणालात, पाणी थांबलं की जाळीच्या अलीकडे-पलीकडे दाब सारखाच. ते वाहायला लागलं की प्रत्येक अडथळा त्यातला थोडा खातो. आणि आपल्याकडे खायला आहेच किती? दहा मीटर उंचीला साधारण एक बार (हे दाब मोजायचं एकक). टाकीतलं पाणी शॉवरच्या तीन मीटर वर, म्हणजे जेमतेम 0.3 बार. इतक्या तुटपुंज्या दाबात चिमूटभर वाळूही महाग पडते. पंप बसवला असता तर त्याने बिचाऱ्याने त्याच कचऱ्यावर जोर काढला असता.

गरम पाणी तरीही मंदच होतं. तिथे मात्र दोन मिनिटांत काम झालं. गीझरला गार पाणी देणारा अँगल कॉक कुणीतरी अर्धा बंद करून ठेवलेला. "कुणीतरी" म्हणजे मीच, गेल्या गळतीच्या वेळी. तुम्ही काही बोलला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

आता बादली 80 सेकंदांत भरते. धो धो नाही, पण शाम्पू निघतो. थाळीएवढा मोठा शॉवर आणायचा माझा हट्टही तुम्ही मोडलात : आहे तेवढंच पाणी इतक्या भोकांत वाटलं तर प्रत्येकातून थेंबच यायचे. खरं सांगायचं तर मी थोडी हिरमुसले होते. थाळी दिसायला छान होती.

तुमचा पाना अजून माझ्याकडेच आहे. काल त्याने स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी काढली, तिथेही वाळू निघाली. परवा आणून देते, तोवर बाथरूमच्या बेसिनचा नळ उघडून बघते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची