पाच मिनिटांच्या गाण्याला अख्खा दिवस का लागतो

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पाच मिनिटांचं गाणं, मग स्टुडिओत दिवस कसा जातो, असं बाबांनी विचारलं होतं. सध्या एका गायिकेच्या नव्या अल्बमचं काम जवळून बघायला मिळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पूर्वी गायक-वादक एकत्र बसत आणि एक चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. आता बहुतेक वेळा प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा होतो. आधी पट्टी आणि लय पक्की करतात. समजा मिनिटाला 84 ठोके ठरले, तर तेवढ्याची क्लिक हेडफोनमध्ये वाजत राहते. तिच्यावर गायिका एकदा कच्चं गाते, तो स्क्रॅच. हा आवाज पुढे काढूनच टाकतात, तरीही तो मनापासून गायलेला हवा. वादक त्याच्याच आधाराने वाजवतात. स्क्रॅच मरगळलेला असेल तर वादनही तसंच उतरतं. मग तबला, बेस, गिटार, आणि त्यानंतर खरा गळा.

गळ्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांत नाजूक. कंडेन्सर माईक (बारीकसा आवाजही टिपणारा) तोंडापासून साधारण 15 ते 20 सेंटीमीटरवर, मध्ये जाळीचा पॉप फिल्टर. आपल्याकडे फ, भ, ध अशी हवा फेकणारी अक्षरं भरपूर. ‘भ’ची हवा थेट माईकवर आदळली की ‘धप्प’ असा ठोका बसतो. फिल्टर असूनही बसतो, म्हणून माईक जरासा तिरका करतात. हवा बाजूने निघून जाते. ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी नंतर डी-एसरने, म्हणजे ही शिट्टीच कमी करणाऱ्या साधनाने, दाबता येते, पण जास्त दाबली की गाणारी बोबडी वाटते. आणि ओळ गाताना गायिका पुढे झुकली तर आवाज एकदम जाड होतो. तो टेक, म्हणजे त्या वेळचं गायन, मग दुसऱ्या टेकला जोडता येत नाही. म्हणून उभं राहायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लावतात, हे मला फार आवडलं.

लेव्हल लावताना गाण्यातली सगळ्यांत चढी ओळ आधी गाऊन घेतात. सर्वोच्च सूर मीटरवरच्या शून्याच्या, म्हणजे कमाल मर्यादेच्या, खाली 10 डेसिबलच्या आसपास राहावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही.

बारीकसारीक घोळ तर किती! हेडफोन एका कानावरून सरकवला की क्लिकची टिकटिक माईकमध्ये शिरते आणि हळुवार ओळीत नेमकी ऐकू येते. एसीची घरघर येऊ नये म्हणून तो बंद करावा, तर खोली दमट होऊन तबला उतरतो, पुन्हा लावावा लागतो. कॉम्प्युटरचा बफर, म्हणजे आवाजाचे किती नमुने साठवून मग पुढे पाठवायचे तो आकडा, 1024 वर राहिला तर 48 किलोहर्ट्झला (सेकंदाला 48,000 नमुने) तेवढ्यानेच 21 मिलिसेकंदांचा उशीर होतो. गायिकेला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो आणि ती लयीत ओढते. 128 वर आणलं की हा उशीर तीनाच्याही आत येतो.

चार-पाच टेक झाले की गाण्याच्या कागदावर ओळीओळीपुढे खुणा करतात: मुखडा दुसऱ्यातला, अंतऱ्याची पहिली ओळ चौथ्यातली. जोड शक्यतो श्वासाच्या आधी देतात. श्वास कापून टाकला तर ओळ कृत्रिम वाटते, दोन राहिले तर गायिका धापा टाकतेय असं वाटतं. माझ्या मते गाणं खरं इथेच घडतं. सूर किंचित हलला तरी भाव सच्चा असेल तर तोच टेक ठेवावा.

त्यानंतर मिक्सिंग, म्हणजे सगळ्या ट्रॅकचा एकत्र मेळ बसवणं, आणि मग मास्टरिंग, ज्यात गाण्यांचा क्रम, मधली शांतता आणि सगळ्यांची पातळी जुळवतात.

अल्बम आला की लिंक पाठवते. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, त्यात बेस आणि डग्गा जवळजवळ नाहीसाच होतो. आई, तुझे हेडफोन चालतील. डावी-उजवी बाजू तेवढी बघून लाव.

तुमची,
लेक