आकाशात उजेड दिसला की आधी वेळ आणि दिशा छापा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

दर काही महिन्यांनी पेपरात "आकाशात गूढ प्रकाश, नागरिकांमध्ये घबराट" अशी बातमी येते, सोबत कुणाच्या तरी मोबाईलमधला धूसर फोटो, खाली दोन-चार जणांचे अंदाज, कुणी म्हणतं उल्का, कुणी मिसाईल, कुणी थेट एलियन, आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. तो उजेड शेवटी कशाचा होता हे परत छापून येत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्या माहितीवरून शोध लागतो तीच नेमकी या बातम्यांत नसते. किती वाजता दिसला, कुठून कुठं गेला, किती वेळ दिसत होता, क्षितिजापासून किती वर होता. हे चार प्रश्न वार्ताहराने त्याच रात्री विचारले तर बहुतेक वेळा दोन दिवसांत उत्तर मिळतं, आणि नाही विचारले तर चार दिवसांनी लोकांना आठवत नाही, ते एकमेकांचं ऐकून सांगायला लागतात.

मी चंद्रपूर जिल्ह्यातला, म्हणून आमच्याकडचंच उदाहरण देतो. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास. आदल्याच दिवशी अमावस्या झालेली त्यामुळे आकाश चांगलं काळं होतं. गुजरात, मध्य प्रदेश आणि विदर्भात हजारो लोकांनी जळत्या ठिणग्यांची एक रांग सावकाश आडवी जाताना पाहिली. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला घरांजवळ धातूची भलीमोठी रिंग पडली, जवळपास तीन मीटर व्यासाची, आणि तालुक्यातच नंतर गोल टाकीसारखे गोळेही सापडले. कुणाला इजा झाली नाही हे नशीब.

त्या रात्री पहिला अंदाज न्यूझीलंडच्या रॉकेटचा निघाला, कारण त्याच संध्याकाळी तिथून एक रॉकेट खरंच उडालं होतं. पण रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे सगळ्यात खालचा भाग, उड्डाणानंतर काही मिनिटांतच सुटतो आणि जिथून उडालं तिथून काही शे किलोमीटरच्या आत समुद्रात पडतो, तो विदर्भात कसा येईल? खरं उत्तर वेळेने आणि दिशेने दिलं. फेब्रुवारी 2021 मध्ये चीनने सोडलेल्या लाँग मार्च 3बी रॉकेटचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरत हळूहळू खाली येत होता, तो त्या दिवशी पडणार हे उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्यांना माहीत होतं, आणि त्याचा मार्ग लोकांनी पाहिलेल्या मार्गाशी जुळला. अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोल केंद्राचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ते लगेच सांगितलं. त्या टप्प्याचा व्यासही तीन मीटरच, म्हणजे रिंगशी जमतं. नंतर इस्रोचे लोकही येऊन पाहून गेले. म्हणजे कोडं सुटायला फार काही लागलं नाही, गुजरातपासून चंद्रपूरपर्यंतच्या लोकांनी काय पाहिलं ते एका रेषेत मांडायचं होतं.

आता साध्या माणसाने काय बघायचं ते सांगतो, कारण हे शाळेतल्या मुलालाही जमतं. तारा तुटला म्हणतो ती उल्का, ती सेकंदाला कमीत कमी 11 किलोमीटर वेगाने येते म्हणून एक-दोन सेकंदात, फार तर काही सेकंदांत संपते. उपग्रहाचा किंवा रॉकेटचा जळता तुकडा सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने आणि जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे मिनिटभर किंवा जास्तही दिसतो आणि तुटत तुटत जातो. न लुकलुकता एका संथ वेगाने जाणारा आणि मधेच विझल्यासारखा गायब होणारा ठिपका म्हणजे उपग्रह, तो विझत नाही, पृथ्वीच्या सावलीत शिरतो. एका ओळीत आगगाडीसारखे दिवे गेले तर ते नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे इंटरनेट उपग्रह. लाल-हिरवा आणि उघडझाप करणारा पांढरा दिवा म्हणजे विमान. आणि सूर्य मावळल्यावर थोड्या वेळाने आकाशात पसरत जाणारा पांढरा झोत दिसला तर कुठंतरी रॉकेट किंवा क्षेपणास्त्र उडालंय, खाली अंधार असतो पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं म्हणून धूर चमकतो. 15 डिसेंबर 2022 ला बंगालमध्ये लोक असाच उजेड पाहून घाबरले होते, ती ओडिशाच्या किनाऱ्यावरून झालेली अग्नी-5 ची चाचणी होती.

उंचीचं मात्र जरा जास्त लिहितो कारण इथंच सगळे फसतात. "अगदी आमच्या छतावरून गेलं हो" असं प्रत्येक गावचा माणूस सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो, अंधारात अंतर कळतच नाही. त्यासाठी हात सरळ पुढं करून मूठ धरायची, ती आकाशात साधारण 10 अंश झाकते, क्षितिजापासून डोक्यापर्यंत नऊ मुठी होतात. आता चंद्रपूर आणि जिल्ह्यातलंच मूल हे गाव यांच्यात सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. समजा चंद्रपूरच्या माणसाला उजेड बरोबर डोक्यावर दिसला. त्याच मिनिटाला मूलच्या माणसाला तो पश्चिमेला दीड मुठीवर दिसला असेल तर ती वस्तू दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे विमान. सहा मुठींवर दिसला तर सत्तर किलोमीटर, म्हणजे वातावरणात जळणारं काहीतरी. आणि मूललाही जवळपास डोक्यावरच दिसला तर तो शेकडो किलोमीटर वरचा उपग्रह. दोन गावं, एक घड्याळ आणि दोन मुठी, एवढ्यावर निकाल लागतो. एका गावाच्या बातमीवर कधीच लागणार नाही, म्हणून तर म्हणतो की तालुक्या-तालुक्याच्या वार्ताहरांकडून आलेलं एकत्र करायचं काम पेपरच करू शकतो, ते जाळं दुसऱ्या कुणाकडं नाही.

व्हिडिओबद्दलही सांगायचं आहे. लोक फक्त उजेडावर झूम करतात, मग काळ्या पडद्यावर हलणारा एक डाग उरतो, त्यातून काय काढणार? झूम न करता घराचा कोपरा, विजेचा खांब, पाण्याची टाकी काहीतरी फ्रेममध्ये येऊ द्या. खांब जागचा हलत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून कंपासने दिशा काढता येते आणि खांबाच्या टोकापर्यंत मुठी मोजता येतात. एखादा ओळखीचा तारा आला तर फारच छान, एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेला मृग आणि व्याध असतात, ईशान्येला सप्तर्षी. आणि व्हॉट्सॅपवर फिरून आलेला व्हिडिओ कामाचा नसतो, त्यातली मूळ वेळ निघून जाते, कुठला कधीचा तेही कळत नाही, जुने व्हिडिओ नवीन म्हणून फिरतात ते वेगळंच. ज्याने काढला त्याच्याच फोनमधली मूळ फाईल मागायची.

भीतीबद्दल हसू नये असं मला मनापासून वाटतं. रात्री शेतात जागलीला असलेल्या माणसाच्या डोक्यावरून आगीची रांग गेली तर तो घाबरणारच, आणि पाडव्याला खरोखर लोखंडासारखं काहीतरी घरांजवळ पडलं की. धोका खराच आहे. टायटॅनियमच्या टाक्या 1,600 अंशांच्या पुढेच वितळतात म्हणून त्या जमिनीपर्यंत पोचतात, आणि अशा काही टाक्यांत हायड्राझिनसारखं विषारी इंधन असू शकतं. लोक मात्र त्यावर हात ठेवून सेल्फी काढतात, मुलं टाकी लोळवतात. हे बातमीत ठळक छापायला पाहिजे, की हात लावू नका, लांब राहा, पोलिसांना किंवा तहसीलदारांना कळवा.

अजून एक, यात हक्काचाही प्रश्न आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या देशाने वस्तू सोडली तो जमिनीवरच्या नुकसानीला जबाबदार असतो. 1978 मध्ये रशियाचा कॉसमॉस 954 उपग्रह कॅनडात पडला तेव्हा सोव्हिएत सरकारने पुढं 30 लाख कॅनेडियन डॉलर दिले होते. उद्या आपल्याकडं कुणाचं घर पडलं, बैल मेला, तर भरपाई मागायला आधी वस्तू कुणाची हे सिद्ध करावं लागेल, आणि तिथं पुन्हा वेळ, दिशा आणि तुकड्यांचे फोटो हेच कामी येणार.

म्हणून विनंती की पुढच्या वेळी अशी बातमी आली की तिच्याखाली छोटी चौकट टाका, चार प्रश्न आणि माहिती पाठवायला एक नंबर. आलेल्या माहितीतून जो निष्कर्ष निघेल तो आठवड्याभरात त्याच पानावर छापा, "विमान होतं" एवढाच निघाला तरी छापा. गावं नकाशावर मांडायचं आणि मुठींचं गणित करायचं काम लागलं तर मी करून देईन, आमच्याकडची दोन-तीन विज्ञान शिकवणारी मंडळीही तयार आहेत. माझा पत्ता आणि फोन नंबर आपल्या कार्यालयाला वेगळा पाठवला आहे.

आपला,
एक नियमित वाचक, चंद्रपूर जिल्हा