रामबागेतल्या काकूंना, आठ घरांत बसवलेल्या अक्षरांसाठी

इंदूर

आदरणीय काकू,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की गेमबॉयसाठी मी लिहीत होते तो आपला खेळ गेल्या रविवारी पुरा झाला. समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं, आधी चहा घे" म्हणून विषय मोडता, म्हणून हे लिहून कळवते आहे. चारचौघांत लिहिते आहे ते अशासाठी, की जुन्या कन्सोलवर, म्हणजे व्हिडिओ खेळाच्या यंत्रावर, मराठीत खेळ करू पाहणाऱ्या आणखी कोणाला याच अडचणी आल्या, तर तुम्ही काढून दिलेली वाट त्यांनाही सापडावी.

मी शाळेत असताना मामाने आणलेला गेमबॉय तुम्ही पाहिलाच आहे. निन्टेंडोने 1989 साली बाजारात आणलेले ते पहिले मॉडेल, चार पेन्सिल सेलवर चालणारे, पडद्याला स्वतःचा उजेड नसलेले आणि हिरवट पडद्यावर फक्त चार छटा दाखवणारे. आडवे 160 आणि उभे 144 ठिपके एवढाच त्याचा पडदा, आणि कामाची स्मृती अवघी 8 किलोबाइट. त्याच्यासाठी आजही जगभर अनेक जण केवळ हौसेने नवे खेळ लिहितात. आरजीबीडीएस हा असेम्बलर (यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेतल्या सूचना त्याला कळतील अशा करून देणारा) किंवा सी या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठीचे जीबीडीके ही त्यांची साधने कोणालाही विनामूल्य मिळतात, आणि ऑफिसातून आल्यावर रात्री मी त्यांच्यापाशीच बसते. माझा खेळ आपल्या इंदूरच्या राजवाड्याचा आहे. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, आणि एका मुलीने तळापासून सातव्या मजल्यापर्यंत चढत जाऊन प्रत्येक खिडकीत पणती लावायची. खिडक्या एकसारख्या असल्यामुळे चित्राचे काम सोपे गेले. एक खिडकी काढली आणि हवी तितक्या वेळा मांडली. अडले ते अक्षरांपाशी.

गेमबॉय चित्र दाखवतो तो आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी शेजारी शेजारी लावून. इंग्रजी अक्षर अशा एका चौकटीत सुखाने मावते. देवनागरीला वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार, मध्ये शिरोरेघ आणि तिच्याखाली अक्षराचे अंग एवढे सगळे लागते, म्हणून मी एकावर एक अशा दोन चौकटी धरल्या: रुंदी आठ ठिपके, उंची सोळा. बाराखडीतले प्रत्येक रूप वेगळे साठवावे म्हटले, तर 34 व्यंजनांची 12 रूपे मिळून 408 अक्षरे आणि त्यांच्या 816 चौकटी होतात. यंत्राच्या चित्रस्मृतीत जागा आहे 384 चौकटींची, आणि त्यांतूनही पार्श्वभूमीला एका वेळी 256च वापरता येतात. तेव्हा खेळात जी अक्षरे प्रत्यक्ष येतात तेवढीच काढायची असे ठरवून मी दोन आठवडे संगणकापुढे बसले. संगणकाच्या पडद्यावर ती मला चांगली सुबक वाटली. खऱ्या यंत्रात घालून पहिल्यांदा तुमच्या हातात दिली, तेव्हा तुम्ही गॅलरीत उन्हाकडे पाठ करून बसलात, कापडाची वीण तपासता तसा पडदा थोडा तिरका धरलात आणि मोठ्याने वाचलेत, "यांब, वर घूर आहे."

मी लिहिले होते, "थांब, वर धूर आहे."

तुम्ही काही न बोलता आत गेलात आणि दोसुतीच्या नमुन्यांची ग्राफची वही घेऊन आलात, तो क्षण मला अजून तसाच आठवतो. मुलींना तीस वर्षे शिवण आणि भरतकाम शिकवलेल्या तुम्हाला माझ्या चौकटी परक्या वाटल्याच नाहीत. फुलीच्या टाक्यात एक फुली म्हणजे एक घर, आणि माझा एक ठिपका म्हणजेही एक घरच. पेन्सिलने आठ घरे आखून तुम्ही विचारलेत, "यातली रिकामी कोणती ठेवणार?" मी तोवर भरायच्या घरांचाच विचार केला होता. य आणि थ, घ आणि ध, म आणि भ या जोड्या ओळखू येतात त्या डाव्या टोकाच्या वळशावरून आणि त्याच्यापाशी तुटणाऱ्या शिरोरेघेवरून. आठ घरांत वळसा हवा तसा फिरवायला जागा नाही, पण रेघ तोडायला जागा नक्की आहे. तुम्ही थ, ध आणि भ यांच्या डोक्यावरची डावीकडची तीन घरे खोडरबराने पुसलीत, वळसा एक ओळ खाली उतरवलात आणि वही हातभर लांब धरून मला दाखवलीत. तेवढ्या अंतरावरूनही भ हा भच दिसत होता.

त्या संध्याकाळी आणखी बरेच झाले. अक्षरांच्या कडांना मी शोभेसाठी मधल्या छटा दिल्या होत्या. "दोरा एकच घे आणि गडद घे" असे म्हणून तुम्ही त्या काढायला लावल्यात, आणि उजेड नसलेल्या पडद्यावर त्यामुळेच अक्षरे स्वच्छ उठली. एका घराचा अनुस्वार विरून जातो, तो दोन बाय दोन घरांचा हवा, हेही तुमच्याच डोळ्यांना आधी कळले. शिरोरेघ प्रत्येक चौकटीत त्याच ओळीत आणि थेट कडेपर्यंत नेली की अक्षरे शेजारी बसताच ती आपोआप सलग होते, हे तुम्ही टेबलक्लॉथच्या किनारीवर बोट ठेवून समजावलेत. संगणकाच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत मला हे इतक्या सोप्या रीतीने सांगितलेले आढळले नव्हते.

वाक्यांच्या बाबतीत तर मी तुमची फारच ऋणी आहे. "सर्व दीप प्रज्वलित करावेत" हे माझे वाक्य वाचून तुम्ही विचारलेत की आपल्या घरात असे कोण बोलते, आणि त्याच्या जागी "सगळ्या पणत्या लाव" लिहिलेत. "सोपान" गेला आणि "जिना" आला. हे बदल कानाला बरे वाटावेत म्हणून तुम्ही केलेत, पण प्र, ज्व यांसारखी जोडाक्षरे त्यामुळे आपोआप गळली आणि 93 रूपांवरून आपण 61 वर आलो. म्हणजे सुमारे सव्वाशे चौकटींत अक्षरे आटोपली आणि राजवाड्याच्या दगडी मजल्यांना हव्या तेवढ्या चौकटी मिळाल्या. मी मात्र हिशेबाच्या भरात सहाव्या मजल्यावरच्या "इथून कृष्णपुरा दिसतो" या वाक्यावरही काट मारायला निघाले होते, कारण एकट्या ष्ण ला दुप्पट रुंदी आणि चार चौकटी लागतात. तिथे तुम्ही मला थांबवलेत. "ते आपल्या गावातलं नाव आहे, त्याला जागा दे," एवढेच म्हणालात. ती जागा दिली याचे मला आता फार समाधान वाटते. मुलगी सहाव्या मजल्यावर पोचते, खाली होळकरांच्या स्मारकांच्या छत्र्या दिसतात आणि ते नाव पूर्ण, न मोडता उमटते.

शेवटी अक्षरे तुटण्याचा तो दोष. मध्येच एखाद्या अक्षराचा खालचा अर्धा भाग उमटायचाच नाही, आणि मी ज्या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळ तपासत होते त्यात तो प्रकार कधी दिसला नाही. आठवडाभर मी सगळा कोड उलटसुलट वाचला. तुम्ही यंत्र हातात घेऊन तासभर तेच एक पान पुन्हा पुन्हा पाहिलेत आणि म्हणालात, "ज्योत हलते ना, तेव्हाच अक्षर तुटतं बघ." कारण तेच निघाले. हे यंत्र सेकंदाला सुमारे 60 वेळा चित्र काढते. पडद्याच्या 144 ओळी झाल्या की पुढच्या चित्राआधी त्याला दहा ओळींइतका, म्हणजे साधारण 1.1 मिलिसेकंदांचा विसावा असतो, आणि नव्या चौकटी चित्रस्मृतीत भरायच्या त्या या विसाव्यात. ओळ काढण्यात ते गुंतलेले असताना काही लिहिले, तर ते लिहिलेले गळून पडते आणि कसलीही सूचना मिळत नाही. एरवी पूर्ण ओळीची अक्षरे त्या वेळात जेमतेम बसत होती. ज्योतीचे दुसरे चित्र त्याच वेळी आले की शेवटच्या चौकटी बाहेर राहत. आता प्रत्येक विसाव्यात दोनच अक्षरे लिहिली जातात. मजकूर एकदम न येता अक्षरामागून अक्षर उमटतो, आणि वाचणाऱ्यालाही ते बरे पडते.

शेवटच्या पाटीवर तुमचे पूर्ण नाव द्यावे अशी माझी फार इच्छा होती. तुम्ही "काकू एवढंच ठेव" म्हणालात, म्हणून तेवढेच ठेवले आहे. "अक्षरे" या शब्दाखाली का आणि कू, मिळून चार चौकटी, तुम्ही वहीत काढून दिल्या तशाच, एकही घर न हलवता.

वही अजून माझ्याकडेच आहे, कारण ज्ञ काही केल्या आठ घरांत बसत नाही आणि पुढच्या खेळात तो लागणार आहे. रविवारी सकाळी गॅलरीत ऊन आले की नवे सेल घालून यंत्र आणि वही दोन्ही घेऊन येते. या वेळी सातव्या मजल्यापर्यंत तुम्ही स्वतः चढून पाहावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची